मोरिकोनेंचा तो चढत जाणारा सूर

इटालियन चित्रपट-संगीतकार एन्यो मोरिकोने यांच्यावरचा एक लेख वाचताना पुन्हा गलबलून आलं. त्यात 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'च्या संगीताबद्दल छान लिहिलंय, पण 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' हा चित्रपट राहूनच गेला. त्याचं संगीत चित्रीकरणाआधीच तयार होतं, सेटवर वाजवलं जायचं. म्हणूनच तर स्टेशनातून निघालेल्या नायिकेमागून, म्हणजे क्लॉडिया कार्डिनालेमागून, कॅमेरा छपरावर चढतो, तो थेट गायिका एद्दा देल्लोर्सोच्या आवाजासोबत! एक शब्द नाही, नुसता आकार. ६ जुलै २०२० ला मोरिकोने गेल्याचं कळलं, त्या रात्री हेडफोन लावून तेवढाच तुकडा कितीदा ऐकला. सूर वर गेला की दरवेळी घसा दाटायचा. स्वतःचा मृत्युलेख त्यांनी स्वतःच लिहून ठेवला होता. त्यातला शेवटचा निरोप पत्नी मारियाला, सगळ्यांत वेदनादायक म्हणून.