लाळेच्या टेस्टसाठी स्टेरॉइडची गोळी बंद करू नका

एक मेसेज सगळीकडे फिरतोय. "सतत थकवा येतो? तुमच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी थकल्यात. घरबसल्या लाळेची टेस्ट करा, सकाळच्या एका सॅम्पलमध्ये स्ट्रेस हार्मोन कळेल. मग ३ महिने आमची पावडर घ्या. टेस्टच्या आधी स्टेरॉइडच्या गोळ्या बंद ठेवा, ग्रंथी जाग्या होतील." तो आमच्या मावशीपर्यंत पोचला आणि तिने मनावर घेतला, म्हणून लिहितेय.

आधी शेवटचं वाक्य, कारण त्याने जीव जाऊ शकतो. मावशीला संधिवात आहे, वर्षभर प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी चालू आहे. शनिवारी गेले तर वारांच्या डबीत गुरुवार-शुक्रवारच्या कप्प्यांत फक्त तीच छोटी पांढरी गोळी पडलेली, बाकीच्या घेतलेल्या. "अगं, टेस्ट नीट यायला हवी ना," म्हणाली, आणि उठताना भिंतीला हात लावून उभी राहिली. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की काही आठवड्यांत मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे मेसेजमधलं ते स्ट्रेस हार्मोन, बनवणं कमी करतात, मग गोळी एकदम थांबवली तर ग्रंथी दोन दिवसांत जाग्या बिग्या होत नाहीत, त्याला कित्येक आठवडे, कधी महिनेसुद्धा लागतात, आणि तेवढ्यात बीपी पडतं, उलट्या होतात, त्यात ताप किंवा इन्फेक्शन आलं तर माणूस थेट आयसीयूत. म्हणूनच डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. त्याच संध्याकाळी तिच्या डॉक्टरांना फोन केला, गोळी परत सुरू झाली.

आता "थकलेल्या ग्रंथी". २०१६ मध्ये कादेजियानी आणि काटेर या ब्राझीलच्या दोन डॉक्टरांनी यावरचे ५८ अभ्यास तपासले, आणि असा आजार असल्याचा पुरावा नाही हे पेपरच्या शीर्षकातच लिहिलं. ग्रंथी खरंच निकामी होतात तो अ‍ॅडिसनचा आजार. वजन उतरतं, त्वचा काळवंडते, मीठ खावंसं वाटतं. आपल्याकडे टीबीमुळेही होतो. त्याचं निदान रक्तातल्या कॉर्टिसॉलवर आणि एसीटीएचचं, म्हणजे ग्रंथींना कॉर्टिसॉल बनवायला लावणाऱ्या हार्मोनचं, इंजेक्शन देऊन होतं. असा पेशंट ३ महिने पावडर खात बसला तर?

लाळेत कॉर्टिसॉल मोजता येतं, हे मात्र खरं आहे, मान्य. कुशिंग आजाराच्या (शरीरात कॉर्टिसॉल फार वाढतं त्याच्या) संशयात डॉक्टर स्वतःच ही टेस्ट सांगतात, सॅम्पल घरीच घेतात, पण रात्री ११-१२ च्या सुमाराला आणि किमान दोनदा, कारण निरोगी माणसात तेव्हा कॉर्टिसॉल सगळ्यात कमी असतं. सकाळी उठल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात ते झपाट्याने चढतं, त्यामुळे वीस मिनिटं इकडेतिकडे झाली तरी आकडा बदलतो. हिरडीतून रक्त आलं, बोटाला हायड्रोकॉर्टिसोनचं मलम लागलेलं असलं, खोकल्यासाठी ज्येष्ठमध चघळलं, तरीही आकडा चुकतो. आणि प्रेडनिसोलोन चालू असेल तर स्वतःचं कॉर्टिसॉल दबलेलं असतं, वर काही लॅबच्या पद्धती ती गोळीच कॉर्टिसॉल म्हणून मोजतात. त्या आकड्यावरून स्ट्रेस काय कळणार?

पावडरीत अश्वगंधा आहे म्हणे. त्याने काहींच्या लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, तेवढं पुरे.

थकवा खरा आहे, मावशीचाही. तिचं हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर या सोमवारी तपासणार आहोत. ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवलाय त्यांनी कृपया त्याच लोकांना आजच कळवा, स्टेरॉइड चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी चुकवू नका.