मूठभर मिठात लोकर रंगते म्हणे!

'खायच्या रंगात कुठलीही लोकर घरीच रंगवा. मूठभर मीठ घाला, खळखळ उकळा, सारखं ढवळा, लगेच गार पाण्यात टाका. रंग पक्का! आणि खायचाच रंग, बाळाने चोखला तरी चालतो.' हा मेसेज मी दोनदा वाचून सोडून दिला होता. मग आईने नातवाच्या टोपऱ्यासाठी आणलेल्या लोकरीवर तो प्रयोग केला. पातेल्यात कोकम सरबतासारखं लाल पाणी, आणि त्यात शिजून लोळागोळा झालेली लोकर. जेमतेम गुलाबट.

'कुठलीही लोकर' म्हणे! अहो, आपल्याकडे दुकानात लोकर म्हणून मिळणारे बहुतेक गुंडे ॲक्रिलिकचे असतात. एक धागा चिमट्यात धरून जाळून बघा. केस जळल्याचा वास आला, राख बोटांनी चुरली, तर मेंढीची. वितळून काळा टणक मणी झाला, तर प्लास्टिक. खायचे रंग आम्लात प्रथिनाला धरतात, म्हणून लोकर रंगते, रेशीम रंगतं. आईची बोटंसुद्धा दोन दिवस लाल होती, कातडी प्रथिनाचीच ना! ॲक्रिलिकवर मूठभर मीठ काय, अख्खं मिठागर ओतलंत तरी उपयोग नाही. आणि खऱ्या लोकरीला आम्ल म्हणून लागतं ते व्हिनेगर; मेसेजमध्ये नेमकं तेच नाही.

खऱ्या लोकरीवर हे रंग झकास चढतात, एवढं कबूल. एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, तपासणी पुस्तिकेत पदार्थातला कृत्रिम रंग वेगळा काढायला हीच युक्ती दिली आहे: आम्ल घातलेल्या नमुन्यात पांढरी लोकर उकळायची, रंग तिच्यावर चढतो. पण पुढची पायरीही वाचा. तोच रंग मग अमोनियाच्या पातळ द्रावणात उकळून सोडवतात. तेव्हा 'पक्का' जरा बेतानेच म्हणा, आणि धुताना अमोनियासारखाच अल्कधर्मी असलेला धुण्याचा सोडा लांब ठेवा.

ढवळणं आणि गार पाणी? लोकरीचा नमदा, म्हणजे धागे एकमेकांत गुंतून घट्ट झालेला जाड थर, करायची कृती आहे ती. आच मंद ठेवा, पाणी नितळ झालं की पातेल्यातच निवू द्या.

राहिलं बाळाचं चोखणं. 'खायचा रंग' म्हणून मिळणाऱ्या सुट्या पुडीत मेटॅनिल यलो किंवा ऱ्होडामाइन बी हा कापड रंगवायचा रंग असू शकतो. दोन्ही खाण्यात वापरायला बंदी आहे. ऱ्होडामाइन सापडला म्हणून २०२४ मध्ये तमिळनाडूने कॉटन कँडीच बंद केली. आईच्या पुडीवर ना नाव होतं, ना परवाना क्रमांक. फेकून दिली.