डिफेंडर बंद करा म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

'विंडोजचा डिफेंडर नुसता नावाला आहे, आधी तो बंद करा आणि दोन-तीन फ्री अँटिव्हायरस टाका, एकाकडून सुटलं तर दुसरा पकडेल.' असा लांबलचक मेसेज सगळीकडे फिरतोय (डिफेंडर म्हणजे विंडोजसोबतच येणारा अँटिव्हायरस), खाली 'प्रीमियम व्हर्जन फ्री' म्हणून लिंक. आमच्या मावशीने तो वाचून खरंच डिफेंडर बंद केला आणि वर मलाच विचारलं, तिन्हीपैकी आधी कुठला टाकू? म्हणून लिहितोय, नाहीतर असल्या मेसेजच्या नादी कोण लागतंय.

आधी ती लिंक, कारण खरा घात तिथे आहे. लिंकवरून एक झिप फाइल येते, तिचा पासवर्ड मेसेजमध्येच दिलाय, आणि सूचना अशी की इन्स्टॉल करण्याआधी टॅम्पर प्रोटेक्शन आणि रिअल-टाइम प्रोटेक्शन (फाइल उघडतानाच होणारी तपासणी) ऑफ करा, 'नाहीतर चुकून व्हायरस दाखवेल'. अहो, चुकून कशाला दाखवेल! फुकट वाटायच्या फाइलला पासवर्ड लावलाच कशाला याचा जरा विचार करा. पासवर्ड असला की ती उघडेपर्यंत स्कॅनरला आतलं काही दिसत नाही, एवढंच कारण. आणि टॅम्पर प्रोटेक्शन दिलंय तेच मुळी एखाद्या मालवेअरने (म्हणजे व्हायरससारख्या घातक प्रोग्रामने) गुपचूप डिफेंडर बंद करू नये म्हणून. म्हणजे चोराला बाहेरून जे जमत नव्हतं ते आपणच आतून कडी काढून करून द्यायचं. असल्या 'क्रॅक'मध्ये (पैसे न भरता प्रीमियम वापरायला दिलेल्या फाइलमध्ये) बरेचदा ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आणि कुकीज (आपण लॉगिन केलंय हे साइटला ओळखू देणाऱ्या छोट्या नोंदी) उचलणारा प्रोग्राम असतो, आणि लॉगिनची कुकी हाती लागली की पासवर्ड, ओटीपी काहीही न विचारता कोणी तुमच्या ईमेलमध्ये शिरू शकतो.

बरं, दुसरा अँटिव्हायरस टाकायला डिफेंडर हाताने बंद करावाच लागत नाही. नवीन टाकला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो, तो नवीन काढला की डिफेंडर परत चालू होतो. ज्याने मेसेज लिहिला त्याला हे माहीत नाही, किंवा चांगलंच माहीत आहे.

दोन-तीन एकत्र टाकले तर? एकाने फाइल तपासायला उघडली की दुसरा तीच फाइल तपासायला धावतो, मशीन रांगायला लागतं, आणि कधीकधी एकमेकांच्याच फाइल्स संशयास्पद म्हणून अडवतात. रिअल-टाइमवाला एकच ठेवा.

'मोठ्या कंपन्या फ्री देतात, पण आपलं काही घेत नाहीत', हा मेसेजमधला मुद्दा वाचून तर हसूच आलं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने) फेब्रुवारी २०२४ मध्ये अवास्ट या अँटिव्हायरस कंपनीवर कारवाई केली ती नेमकी यावरच. लोक कुठल्या साइटवर जातात ही माहिती अँटिव्हायरस आणि ब्राउझर एक्स्टेंशनमधून गोळा करून जंपशॉट नावाच्या उपकंपनीतर्फे शंभराहून जास्त कंपन्यांना विकली, असा आरोप होता. १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले आणि जाहिरातींसाठी असा डेटा विकायला बंदी घातली. आपला माग काढणाऱ्यांपासून वाचवतो असं सांगणाराच माग विकत होता! जंपशॉट २०२० मध्येच बंद झाली, आणि सगळेच फ्रीवाले असे असतात असं माझं म्हणणं नाही. पण टाकायचाच असेल तर कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून घ्या, सोबत येणारं ब्राउझर एक्स्टेंशन नको म्हणा, आणि सेटिंगमधलं डेटा शेअरिंग बंद करा.

आता एक कबूल करतो, नाइलाजाने. डिफेंडर एकेकाळी खरंच कच्चा होता. २०१२ मध्ये त्याच्याच घरातल्या, मायक्रोसॉफ्टच्या सिक्युरिटी इसेन्शियल्स या अँटिव्हायरसला एव्ही-टेस्ट या अँटिव्हायरस तपासणाऱ्या लॅबचं सर्टिफिकेट मिळालं नव्हतं. आजही इंटरनेट नसताना त्याची पकड ढिली पडते. पण गेली काही वर्षं तो त्याच एव्ही-टेस्टमध्ये पैकीच्या पैकी मार्क घेतोय, आणि घरच्या वापराला तेवढं पुरतं.

'अँटिव्हायरस असला की अपडेटची गरज नाही' या मेसेजमधल्या दाव्यावर फार बोलत नाही. फाइल्स लॉक करून पैसे मागणारा वॉनाक्राय मे २०१७ मध्ये पसरला, त्याला रोखणारा विंडोजचा अपडेट (पॅच) मार्चमध्येच आला होता.

ज्यांनी ती झिप आधीच उघडून चालवलीय त्यांनी नेट बंद करा, ईमेल आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या डिव्हाइसवरून बदला, तिथूनच सगळीकडून लॉगआउट करा, मग डिफेंडर चालू करून त्यातलं ऑफलाइन स्कॅन (विंडोज सुरू होण्याआधीच होणारी तपासणी) मारा. तरी शंका राहिली तर फाइल्सचा बॅकअप घेऊन विंडोज नव्याने टाका.