बाँडपटांची उतरंड

चाळिशी उलटली, जिना चढताना गुडघे बोलू लागले आणि तरीही घरात-दारात कोणी तुम्हाला जाणकार म्हणत नसेल, तर खर्च न येणारा एक उपाय आहे. बाँडपटांची क्रमवारी लावा. एकूण २५ सिनेमे. पहिला १९६२ चा 'डॉ. नो', शेवटचा २०२१ चा 'नो टाइम टू डाय'. नकाराने सुरू होऊन तूर्तास नकारावरच थांबलेली दुसरी मालिका शोधून सापडणार नाही. हे सिनेमे तुम्ही पाहिलेलेच असले पाहिजेत असं नाही. उलट नुकतेच पाहिलेले असले तर पंचाईत होते, कारण मतं डळमळतात.

सुरुवात आकड्यापासून करा. समोरचा 'पंचवीस' म्हणाला की किंचित हसून विचारा, "म्हणजे इऑनचे म्हणताय ना?" १९६७ चा 'कसिनो रोयाल' हा डेव्हिड निव्हनचा फार्स आणि १९८३ चा 'नेव्हर से नेव्हर अगेन' हे दोन्ही मूळ मालिका काढणाऱ्या इऑन कंपनीच्या घरचे नाहीत. दुसऱ्यात तर इऑनचाच पहिला बाँड, खुद्द शॉन कॉनरी आहे आणि गोष्ट पुन्हा 'थंडरबॉल'चीच, कारण त्या गोष्टीवरचा हक्क केव्हिन मॅक्लोरी नावाच्या गृहस्थांनी कोर्टकज्जे करून मिळवला होता. एवढं सांगून गप्प बसा. "मग हे दोन यादीत धरायचे का?" असं कोणी विचारलंच, तर "तो वेगळा विषय आहे" म्हणा. पुण्यात या एका वाक्यावर माणसांनी आयुष्यं काढली आहेत.

पहिला नंबर 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस'ला द्या, १९६९ चा. तुम्हाला तो आवडतो का, हा प्रश्न इथे गैरलागू आहे. कॉनरीला पहिला नंबर देणारा वडिलांचं ऐकून बोलतो, अलीकडच्या डॅनियल क्रेगला देणारा कालचा पोर असतो. जॉर्ज लेझनबीला देणारा मात्र विचार केलेला माणूस ठरतो. हा ऑस्ट्रेलियन मॉडेल एकाच सिनेमापुरता बाँड झाला. हिप्पींच्या जमान्यात असल्या सुटाबुटातल्या हेराला काही भवितव्य नाही असा सल्ला त्याला मिळाला, आणि त्याने तो ऐकला. सल्ला देणाऱ्यांबद्दलचा माझा आदर तेव्हापासून आहे तो आहे.

या सिनेमात बाँड लग्न करतो आणि बायको त्याच दिवशी गोळीला बळी पडते. तेव्हा 'भावनिक खोली' हा शब्द हाताशी ठेवा. अभिनयाची तारीफ मात्र जपून करा. मधला बराच वेळ बाँड चष्मा आणि स्कॉटिश झगा घालून वंशावळीचा अभ्यासक म्हणून वावरतो, आणि त्या भागात लेझनबीला आवाज दिलाय जॉर्ज बेकरने. म्हणजे 'लेझनबीच्या आवाजात एक कोवळीक आहे' असं म्हणायचं असेल, तर नेमका कोणता प्रसंग मनात आहे ते आधी ठरवून घ्या. शिवाय खलनायक ब्लोफेल्ड मागच्याच सिनेमात बाँडशी समोरासमोर बोललाय, पण इथे एका चष्म्यामुळे त्याला ओळखत नाही. बाँडचा नट बदललेला, ब्लोफेल्डचाही बदललेला. चूक तरी कोणाच्या पदरात घालायची? कोणी हे काढलंच तर विषय दिग्दर्शकावर न्या. "पीटर हंट मूळचा संकलक ना, लय बघा लय." लयीवर वाद घालणारा माणूस अजून जन्मायचा आहे.

'गोल्डफिंगर' दुसरा. हा सगळ्यांनाच आवडतो, तेवढीच त्याची गोची. म्हणून कौतुक करताना थोडं खाजवून ठेवा. खलनायकाला फोर्ट नॉक्समधलं, म्हणजे अमेरिकी सरकारच्या तिजोरीतलं, सोनं चोरायचंच नाही, त्यावर किरणोत्सर्गी बॉम्ब फोडून ते ५८ वर्षं निकामी करायचं आणि आपल्या सोन्याचा भाव वाढवायचा, हा बेत दागिन्यांच्या पेढीत बसून ऐकावा असा आहे. पण त्यात आपला नायक काय करतो? अर्धा सिनेमा कैदेत असतो. विषारी वायूचे नळकांडे बदलते ती खलनायकाची साथीदार पुसी गलोर, आणि बॉम्ब बंद करतो तो भलताच एक अधिकारी. बाँड फक्त वायरींकडे घामाघूम होऊन बघतो, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी मीटरबॉक्सकडे बघतात तसा.

तिसऱ्या जागी 'फ्रॉम रशिया विथ लव्ह' टाकून मोकळे व्हा. कारण विचारलं तर रेल्वेच्या डब्यातली मारामारी. त्याआधी जेवणाच्या डब्यात तो शत्रू माशाबरोबर रेड वाइन मागवतो आणि बाँडच्या मनात ते खटकतं. आपल्याकडे बांगड्याच्या ताटावर दही मागणाऱ्याबद्दल जे वाटतं, तेच.

टिमोथी डाल्टनसाठी एक वाक्य पाठ करा: "क्रेगने २००६ मध्ये जे केलं, ते डाल्टनने १९८७ मध्येच केलं होतं." आवाज थोडा खाली, नजर दूर. त्याचे दोनच सिनेमे असल्याने फार अभ्यास लागत नाही. दुसऱ्या सिनेमानंतर कोर्टकचेऱ्यांत सहा वर्षं गेली आणि १९९५ मध्ये पिअर्स ब्रॉस्नन आला, ही हळहळ जोडीला घ्या. ब्रॉस्ननच्या 'गोल्डनआय'ला कोणी फार वर चढवलं, तर त्याला लहानपणी निन्टेन्डोवर खेळलेल्या त्याच नावाच्या व्हिडिओ गेमबद्दल विचारा. तो सिनेमाबद्दल बोलतच नसतो.

नववा ते सोळावा नंबर कोणीही वाचत नाही. तिथे 'टुमॉरो नेव्हर डाइज' आणि 'द वर्ल्ड इज नॉट इनफ' यांची अदलाबदल केली तरी घरच्यांनाही कळणार नाही.

तळाला 'डाय अनदर डे'. मालिकेची चाळिशी आणि विसावा सिनेमा असा दुहेरी योग साधून २००२ मध्ये निर्मात्यांनी अदृश्य होणारी मोटार आणली. तोवरच्या बाँडपटांत सर्वाधिक गल्ला त्यानेच जमवला, हे मात्र बोलू नका. एवढी तिकिटं कोणी काढली असा प्रश्न निघतो, आणि त्यातलं एक तुमचं असतं.

क्रेगच्या बाबतीत पथ्य पाळा. त्याचा २००६ चा 'कसिनो रोयाल' वर, 'क्वांटम ऑफ सोलेस'चं खापर लेखकांच्या संपावर. 'स्कायफॉल'ची छायाचित्रणासाठी स्तुती करा, कारण गोष्टीत शिरलात तर खलनायकाने मुद्दाम पकडलं जाऊन, नेमक्या मिनिटाला भुयारी रेल्वे बाँडच्या अंगावर पाडायचं वेळापत्रक कसं जमवलं ते सांगावं लागेल. आपली लोकल ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे पचत नाही. 'स्पेक्टर'मध्ये जगभरच्या उत्पातांमागे कोण निघतो, तर बाँडला अनाथपणी सांभाळणाऱ्या गृहस्थांचा सख्खा मुलगा. बापाची माया पाहुण्या पोराकडे गेली, हे त्याचं दुखणं. आपल्याकडे एवढ्या भाऊबंदकीवर बांध कोरतात आणि तारखा घेतात, उपग्रह लागत नाहीत. त्याच सिनेमातली चुंबनं आपल्या सेन्सॉर बोर्डाने निम्म्यावर आणली, तेव्हा भारतीय प्रेक्षकाने 'स्पेक्टर'ला गुण देताना त्या प्रमाणात सूट द्यावी. 'नो टाइम टू डाय'चा शेवट सांगायचा नाही, नुसता सुतकी चेहरा करायचा.

२०२५ मध्ये सर्जनाचा कारभार अ‍ॅमेझॉनकडे गेला आणि डेनी व्हिल्नवचं नाव दिग्दर्शक म्हणून जाहीर झालं. त्या न आलेल्या सिनेमालाही आत्ताच एक नंबर देऊन ठेवा. बहुधा सहावा.

राहिला रॉजर मूर. त्याला नाकं मुरडल्याशिवाय यादीला वजन येत नाही. 'स्टार वॉर्स'ची चलती पाहून १९७९ मध्ये बाँडला 'मूनरेकर'मधून अवकाशात धाडलं. त्यातच व्हेनिसमध्ये बाँडची गोंडोला जमिनीवर चालू लागते आणि ते बघून एक कबूतर दोनदा मान वळवतं. कबुतराचा उल्लेख हवाच. १९८५ च्या 'अ व्ह्यू टू अ किल'मध्ये मूर ५७ वर्षांचा होता, हेही सांगा. स्वतःचं वय सांगू नका.

आणि 'ऑक्टोपसी'. १९८३. इथे भारतीय म्हणून तुमचं कर्तव्य आहे. हेलिकॉप्टरमधून ताजमहाल दिसतो आणि लगेच उदयपूर येतं, जणू दोन्ही एकाच पेठेत. रिक्षाच्या पाठलागात विस्तवावर चालणारे, खिळ्यांवर झोपणारे, तलवार गिळणारे सगळे एकाच गल्लीत भेटतात. बाँड आपल्या हिंदुस्थानी साथीदाराला पैसे देऊन आता काही आठवडे करीची सोय झाली म्हणतो. संताप व्यक्त करा, करायलाच हवा. फक्त तो साथीदार म्हणजे आपला टेनिसपटू विजय अमृतराज आहे, तो गुंडांना टेनिसच्या रॅकेटने झोडतो, आणि भोवतीची गर्दी चेंडू बघावा तशी माना डावी-उजवी करते, हे आठवून मध्येच हसू नका. २१ वा नंबर. त्याहून वर देणं शोभत नाही.

आमच्या मामाने तो भाड्याच्या कॅसेटवर आणला होता. सुरुवातीला बाँड एवढंसं जेट विमान पेट्रोल पंपावर नेऊन उभं करतो, तिथपर्यंत मामा मला बघू द्यायचा. मग शीर्षकगीत सुरू व्हायचं, पडद्यावर बायकांच्या सावल्या हलू लागायच्या, आणि मामा म्हणायचा, "जा रे, पाणी आण." मी तांब्या भरून येईपर्यंत नावं संपून गोष्ट सुरू झालेली असायची. त्या सुट्टीत आम्ही तो चारदा पाहिला. मामाला एवढी तहान एरवी कधी लागली नाही.

यादी पक्की करायची म्हणून परवा रात्री एकटाच तो पुन्हा लावून बसलो. विमान पंपावर आलं, गाणं सुरू झालं, आणि मी उठून स्वयंपाकघरात गेलो.