आपलंच घर समजा (फक्त वापरू नका)

भाड्याचं घर मिळालं? अभिनंदन! चावी हातात देताना मालक म्हणाले असतील, "आपलंच घर समजा." तर पहिला सल्ला हाच की खुशाल समजा, पण तसं वागायला जाऊ नका.

करारनामा वाचायच्या भानगडीत अजिबात पडायचं नाही. अहो एवढी गोड माणसं, त्यांच्यासमोर ओळ न ओळ वाचत बसणं बरं दिसतं का? घरून काम केलं तर चालेल का, मांजर पाळली तर चालेल का, भाऊ दोन महिने राहायला आला तर तो पाहुणा की पोटभाडेकरू, हे सगळं तोंडीच विचारा. "छे छे, आमची काय हरकत" असं उत्तर येईल, ते मनात जपून ठेवा. मेसेजवर तर चुकूनही लिहून मागू नका, मेसेज राहतो हो, मग पुढे हरकत घ्यायची झाली तर बिचाऱ्यांची किती पंचाईत.

एक खोली कुलूपबंद असेल. "थोडं सामान आहे आमचं." भाड्यात ती पण धरलीय का, असले प्रश्न विचारू नयेत.

आता खिळा. आमचं भिंतीवरचं घड्याळ दीड वर्ष खुर्चीवर होतं. खिळा ठोकू का विचारलं तर मालक म्हणाले "बघू". नाही म्हणाले असते तर टेबलावरचं घड्याळ आणलं असतं, हो म्हणाले असते तर ठोकून मोकळे झालो असतो, पण "बघू"चं काय करणार, त्यामुळे घड्याळ खुर्चीत बसलेलं, भिंतीला टेकून, आणि चार माणसं आली की एकजण उभा. किती वाजले बघायला वाकावं लागायचं. भिंत मात्र कोरी करकरीत ठेवली बरं का.

मालक न सांगता येतील, "सहज इकडून चाललो होतो" म्हणत. शेवटचा मजला आहे, वर फक्त पाण्याची टाकी, पण माणूस सहज चालला असेल तिकडे. त्यांच्याकडची दुसरी चावी आधी फिरते आणि दार नंतर वाजतं, तेव्हा अंघोळ आपापल्या जबाबदारीवर करावी. काही शहाणे सांगतील की मालकी त्यांची असली तरी ताबा तुमचा आहे, गळती-बिळती सोडली तर त्यांनी आधी कळवून, वेळ ठरवून यावं. अशा लोकांच्या नादी लागू नका, ही माणसं भाड्याची पावतीसुद्धा मागतात.

आणि मालकांचीही बाजू असते म्हणा. आपल्यातलेच काही थोर, तिघांचं सांगून आठजण राहतात, मग नंतर येणाऱ्याच्या चपला मोजल्या जातात.

राहायला जाल त्या दिवशी भिंती, नळ, फरशी यांचे तारखेसकट फोटो काढून मालकांना पाठवायची आयडिया कोणी देईल. नको. पहिल्याच दिवशी अविश्वास? वापराने होते ती झीज आणि आपण करतो ते नुकसान, यातला फरक घर सोडताना मालक समजावून सांगतीलच. रंग उन्हाने उडाला? पण ऊन तुमच्या काळात आलं ना?

आमचंच बघा. घर सोडताना कपाटामागे खिळ्याचं एक जुनं भोक सापडलं, आमच्या आधीचं. डिपॉझिटमधून कापणार म्हणाले. म्हटलं साहेब, आम्ही एकही खिळा ठोकलेला नाही. "मग घड्याळ कुठे लावलं होतंत?" मी विजयी मुद्रेने खुर्ची दाखवली. मालकांनी ती बाजूला सरकवली. दीड वर्ष पाठ घासून भिंतीवर हातभर काळी रेघ उठली होती.

"ही खुर्ची इथे ठेवायला कोणाला विचारलं होतंत?"