धक्क्यावर थांबणारी बस

चवथीला गोव्यात डिचोलीला घरी आले की एक दिवस आईला घेऊन नार्व्याला सप्तकोटेश्वराच्या दर्शनाला जायचं आणि तिथून फेरीबोटीने दिवाडी बेटावर उतरायचं, हा आमचा नेम. गेल्या खेपेला फेरीत दोन म्हातारे आणि एक कॉलेजचा मुलगा हिरिरीने भांडत होते. मुलाला पूल हवा होता. म्हाताऱ्यांचं म्हणणं, पूल झाला की बेटावर जमिनीचे दलाल सर्वांत आधी पोचतील. मग विषय तिकिटावर गेला. २०२३ मध्ये फेरीत दुचाकींना पैसे आकारायचं ठरलं आणि विरोध होताच ते थांबलं, ते बरं झालं की वाईट?

मी आठ वर्षं लिस्बनसमोर, तेजू नदीच्या दक्षिण काठावर आल्मादात राहते आणि फेरीनेच कामाला जाते. त्या तिघांचं ऐकताना मला वाटत राहिलं की आपला सगळा वाद धक्क्यापाशी येऊन संपतो. धक्क्यावर उतरलेल्या माणसाने पुढे जायचं कसं, हे कुणी विचारतच नाही.

तेजूवर १९६६ पासून झुलता पूल आहे, १९९८ मध्ये दुसरा झाला. तरीही आल्मादाच्या कासिल्यास धक्क्यावरची सकाळची फेरी माणसांनी भरलेली असते, कारण दहा मिनिटांत ती शहराच्या मध्यावर सोडते आणि उतरलं की समोरच मेट्रो. अलीकडच्या काठाला धक्क्याला लागूनच बसस्टँड आणि ट्रामचं शेवटचं स्थानक. एप्रिल २०१९ पासून चाळीस युरोंच्या एका मासिक पासात बस, मेट्रो, रेल्वे आणि फेरी येते, तीही लिस्बन धरून अठरा नगरपालिकांच्या हद्दीत. तो पास आला त्या महिन्यात आमच्या इमारतीतल्या दोन बायकांनी गाडी घरी ठेवायला सुरुवात केली. तिथे सगळं सुरळीत असतं असं मुळीच नाही. संप होतात, दाट धुक्यात फेऱ्या रद्द होतात. विजेवर चालणारी दहा जहाजं मागवली, त्यातली नऊ बॅटऱ्यांविना, यावरून २०२३ मध्ये तिथेही रान उठलं होतं.

आता आमचा रस्ता पाहा. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ दिवाडीवरचं. पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर देव नदीपार नार्व्याला गेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथलं देऊळ बांधवून घेतलं. नार्व्याहून दिवाडीला येणारी फेरी देवाची ती वाट उलटी चालते. बेटाच्या दुसऱ्या टोकाची फेरी जुन्या गोव्यात, व्हाइसरॉयच्या कमानीजवळ लागते आणि तिथून रायबंदरमार्गे बसने पणजी. पोर्तुगालमध्ये असा रस्ता असता तर माणसं मुद्दाम लांबून आली असती.

आम्ही त्या दिवशी दिवाडीच्या धक्क्यावर पाऊण तास बसची वाट पाहिली. पायलटही, म्हणजे भाड्याची मोटरसायकलही, मिळेना. शेवटी एका ओळखीच्या मुलाने आईला स्कूटरवर बसवून पलीकडच्या फेरीपर्यंत सोडलं, मी मागून चालत गेले. आईचं वय पंच्याहत्तर, गुडघे दुखतात.

चालणाऱ्याला गोव्यात फेरी फुकट आहे. हे मला फार मोलाचं वाटतं आणि ते बदलू नये. पण उतरल्यावर रिक्षाला पैसे मोजावे लागणाऱ्या बाईला तो प्रवास फुकट पडत नाही. चोडण–रायबंदरवर २०२५ मध्ये रो-रो फेऱ्या, म्हणजे गाड्या एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरतात अशा बोटी, आल्या, गाड्या जास्त मावतात, वेळ वाचतो. चांगलंच झालं. मात्र एका खेपेत वाहनं किती मावली, एवढ्यावरच आपण फेरीचा हिशेब करतो. बेटावर घरटी दोन स्कूटर आल्या त्या हौसेने आलेल्या नाहीत. संध्याकाळ झाली की बसचा भरवसा नसतो, म्हणून आल्या.

लिस्बनला तो एक पास करायला किती वेगवेगळ्या कंपन्या एका टेबलाशी बसवाव्या लागल्या! इथे फेरी सरकारची आणि सरकारची स्वतःची बससेवाही आहे. नार्व्याच्या फेरीपासून बेटावरच्या पिएदाद गावावरून जुन्या गोव्याच्या फेरीपर्यंत एक लहान बस वर्षभर चालवून पाहावी. फेरी लागेपर्यंत तिने धक्क्यावर थांबावं, शेवटच्या फेरीलाही. वेळापत्रक दोन्ही धक्क्यांवर मोठ्या अक्षरांत लावावं. पुलाचं त्यानंतर बोलू. त्या बसचं तिकीट काढायला आई तयार आहे.