पाच भोंगे

उरणजवळच्या मोऱ्याच्या आमच्या गावकीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक व्हिडिओ आला. गेटवेहून घारापुरीला निघालेली लाँच, वरच्या डेकवर चार पोरं, चौघांची नारिंगी लाइफ जॅकेटं बाकड्याखाली आणि चौघांचे फोन हवेत. खाली ओळ होती, ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही. नीलकमलनंतरही अक्कल आली नाही.’ दुपारपर्यंत साठेक अंगठे पडले. मी इंग्लंडमध्ये हाइदच्या बसस्टॉपवर भिजत उभी होते, साउदॅम्प्टनच्या बसचा पत्ता नव्हता, आणि माझं डोकं फिरलं.

शिस्तीचं मागाहून बघू. १८ डिसेंबर २०२४ला काय झालं ते तरी आठवा. नीलकमल दुपारी शंभरावर माणसं घेऊन घारापुरीला चालली होती. नौदलाची एक वेगवान बोट त्याच पाण्यात नव्या इंजिनाची चाचणी घेत होती. ती गिरक्या घेत आली आणि सरळ लाँचवर आदळली. १५ माणसं गेली. त्यांत नौदलाचा एक कर्मचारी होता, इंजिन कंपनीची दोन माणसं होती. लाँचचा परवाना ८४ प्रवाशांचा आणि आत माणसं त्याहून जास्त, हे खरं. जॅकेटं अंगात नव्हती, हेही खरं. पण टक्कर काय जॅकेट नव्हतं म्हणून झाली? भर दुपारी, स्वच्छ उजेडात, प्रवासी लाँचांच्या वाटेवर नवं इंजिन पळवून बघायचं कुणी ठरवलं? शाळा सुटायच्या वेळेला शाळेसमोर कुणी ट्रकचा ब्रेक तपासत नाही.

एवढं सगळं मी बसमध्ये बसून ग्रुपवर लिहिलं. पहिलं उत्तर आलं, ‘नौदलाबद्दल जपून बोला.’ दुसरं, ‘ज्याची वेळ भरली त्याला जॅकेट काय करणार.’ तिसरं ऐरोलीला राहणाऱ्या भाच्याचं, व्हिडिओ टाकणारा तोच : ‘मावशी, तुमच्याकडे लोक नियम पाळतात, म्हणून तुम्हाला असं वाटतं.’

तुमच्याकडे. पंधरा वर्षांपूर्वी हेच पोर माझ्या मांडीवर बसून लाँचमधून आलं होतं.

जॅकेटची एक सोय आहे, ते दिसतं. ते वाटता येतं, वाटतानाचा फोटो काढता येतो, सक्तीचा आदेश निघतो आणि ज्याने ते काढून ठेवलं त्याच्याकडे बोट दाखवता येतं. नजर दिसत नाही. सुकाणूवरच्या माणसाने चहूकडे नजर ठेवायची, हा समुद्रावरच्या टकरी टाळायच्या १९७२च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम. वेग एवढाच ठेवायचा की वेळेत थांबता येईल, हा सहावा. त्यांत जॅकेटाचा शब्द नाही, कारण ते नियम टक्कर होऊ नये म्हणून आहेत. जॅकेट ती झाल्यावरचं.

नीलकमलच्या आधी महिनाही झाला नव्हता तेव्हा, २१ नोव्हेंबरला, गोव्यापासून सत्तर सागरी मैलांवर मार्थोमा ही मच्छीमार बोट आणि नौदलाची पाणबुडी यांची टक्कर झाली. १३ खलाशांपैकी ११ वाचले. त्या वेळी ग्रुपवर एक ओळ नव्हती. त्यात जॅकेट नव्हतं, सेल्फी नव्हता, शिस्तीचं काही काढता येत नव्हतं.

मी मोऱ्याची आहे, हे इथे सांगून ठेवते, कारण पुढे मी इंग्लंडचं कौतुक करणार आहे. माझे बाबा पहाटेच्या लाँचने मोरा ते भाऊचा धक्का अशी तीस वर्षं नोकरीला गेले. सुट्टीत मला न्यायचे. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, लाँच जेट्टीला लागायची नाही, गाळात टेकायची, मग छोट्या होडीतून उतरायचं, नाहीतर भरतीची वाट बघत बसायचं. लाँचच्या पाऊण तासाच्या प्रवासात आम्ही न्हावा-शेव्याला जाणारी कंटेनरची जहाजं ओलांडायचो, जवाहर द्वीपाचे टँकर, ओएनजीसीच्या सप्लाय बोटी, करंजाहून निघालेल्या मच्छीमार बोटी आणि नौदल, सगळं एकाच ताटात वाढलेलं. बाबांनी मला तिथे एक गोष्ट शिकवली. जहाज लाँचच्या खांबाशी लावून बघ, म्हणायचे. खांबाच्या पुढे सरकलं तर आपल्या पुढून जाईल, मागे पडलं तर मागून. पण खांबाला चिकटून राहिलं आणि नुसतं मोठं होत गेलं, तर घाबर. ते आपल्याकडेच येतंय.

पुढे इथे संध्याकाळच्या नौकानयनाच्या वर्गात मास्तरांनी हेच शिकवलं. खांबाऐवजी होकायंत्र होतं आणि फी दोनशे पौंड होती.

तर कौतुक. तेही मी ग्रुपवर लिहिलं. सोलंटमध्ये, म्हणजे इंग्लंडचा किनारा आणि आइल ऑफ वाइट बेट यांच्यामधल्या समुद्रात, दीडशे मीटरहून लांब जहाज आत येत असेल, तर त्याच्या पुढे हजार मीटर आणि दोन्ही बाजूंना शंभर-शंभर मीटर पाणी त्याचं. लहान नावेने तिथे शिरायचं नाही. बंदराची गस्तीची लाँच जहाजापुढे चालते आणि वाट मोकळी करते. शिडाच्या नावेला इंजिनवाल्याने वाट द्यायची, हा अर्धवट नियम छातीशी धरून बसलेले लोक इथेही आहेत. पण अरुंद खाडीत मोठ्या जहाजाला वळायला जागाच नसते, तिथे लहान नावेने आडवं यायचं नाही, हा नववा नियम इथे पबमध्येसुद्धा ऐकू येतो. २०११च्या काउज वीकमध्ये, म्हणजे इथल्या शिडाच्या नावांच्या शर्यतींत, एक नाव हाने क्नुत्सन नावाच्या तेलवाहू जहाजापुढे आडवी गेली. तिचं शीड जहाजाच्या नांगराला अडकलं, डोलकाठी मोडली. नाव चालवणारा ब्रिटिश नौदलाचा अधिकारी होता. कोर्टात त्याला दंड झाला, वर खटल्याचा खर्च भरावा लागला. नौदलाबद्दल जपून बोला, असं तिथे कुणी म्हटल्याचं मी ऐकलं नाही. हे वाक्य मी ग्रुपवर मुद्दाम वेगळ्या ओळीत टाकलं.

आणि औझो. २००६च्या ऑगस्टमध्ये आइल ऑफ वाइटच्या दक्षिणेला रात्री पंचवीस फुटांची औझो बुडाली, तिघे गेले. प्राइड ऑफ बिल्बाओ ही फेरी तिच्या अगदी जवळून गेली होती. फेरीवरच्या अधिकाऱ्यावर खटला चालला आणि तो सुटला. पण सागरी अपघातांची चौकशी करणाऱ्या इथल्या सरकारी खात्याने वर्षाच्या आत अहवाल छापला. त्यात पहारेकऱ्याच्या चष्म्याच्या उन्हात काळ्या होणाऱ्या काचांचंही लिहिलंय : त्या काचा रात्रीसुद्धा थोडा उजेड खातात. नाव दुसऱ्यांच्या रडारवर दिसावी म्हणून लावतात ते परावर्तक औझोवर जवळपास निरुपयोगी होतं, तेही. या खात्याचं काम दोष कुणाचा ते ठरवणं नाही, हे अहवालाच्या पहिल्याच पानावर असतं. मला हेवा वाटतो तो या कागदाचा. नीलकमलला नौदलाने चौकशी मंडळ नेमलं, पोलिसांनी गुन्हा नोंदवला. पण घारापुरीला जाणाऱ्या माणसाला हातात धरून वाचता येईल असा चष्म्याच्या काचेपर्यंत जाणारा कागद कुठाय, हे विचारणारा एकही संदेश ग्रुपवर आला नाही. जॅकेटवर चाळीस आले.

रात्री माझ्या मामेभावाचा फोन आला. तो गेटवेच्या लाँचवर सारंग आहे, म्हणजे लाँच चालवतो. ग्रुपवर तो कधी लिहीत नाही, बघतो सगळं.

“ताई, तिकडची मार्शिओनेस सांगायची राहिली का?”

राहिली नव्हती. मी गाळली होती. २० ऑगस्ट १९८९ची रात्र, थेम्सवर वाढदिवसाची पार्टी चाललेली मार्शिओनेस आणि तिच्यावर मागून चढलेली बोबेल ही रेती काढणारी बोट. ५१ माणसं गेली, बहुतेक तरुण. सरकारी चौकशी आधी बंद दाराआड झाली. ओळख पटवायला काही मृतदेहांचे हात कापून नेले, आणि ते आईबापांना फार उशिरा कळलं. जाहीर चौकशी व्हायला २००० साल उजाडलं, तेही घरच्यांनी अकरा वर्षं दारं ठोठावली म्हणून. थेम्सवर जीवरक्षक बोटींची ठाणी आली २००२ला. मी ज्या कागदाचा हेवा करते तो असा, मेलेल्यांच्या आयांनी मागून घेतलेला.

“आणि तिकडे बोट चालवायला लायसन लागत नाय म्हणतात, खरं काय?”

खरं आहे. स्वतःच्या हौसेची नाव समुद्रात काढायला इथे परवाना लागत नाही. विकत घ्यायची आणि निघायचं. तो स्वतः परीक्षा देऊन सारंग झालाय. फोनवर बराच वेळ हसत होता.

“तरी आमच्या इथे...” मी म्हणाले.

“कुठं? मोऱ्याला?”

मी गप्प बसले. आमच्या इथे म्हणजे हाइदला, असं मला म्हणायचं होतं, आणि ते त्याला कळलं होतं. मग मी त्याला हाइदच्या धक्क्याची गोष्ट सांगितली, बहुधा भरपाई म्हणून. १८८१चा धक्का, सातशे यार्ड लांब, वर खेळण्यातली वाटावी अशी आगगाडी. २००३च्या नोव्हेंबरात एका ड्रेजरच्या दारू प्यायलेल्या कप्तानाने बोट घातली ती या धक्क्याच्या आरपार. मधला तुकडाच गेला. कप्तानाला आठ महिन्यांची कैद झाली. “बघ, दारू सगळीकडे सारखीच,” तो म्हणाला. त्याच धक्क्यावरून मी रोज फेरीने साउदॅम्प्टनच्या टाउन की धक्क्याला जायचे. ऑगस्ट २०२४ला फेरी बंद पडली, तेव्हापासून ही बस. बाबांच्या गाळाची मला आताशा फार आठवण येते ती यामुळे. गाळातली लाँच निदान भरतीला हलायची.

मग त्याला ते सांगितलं, जे मी घरातही सांगितलं नव्हतं.

गेल्या ऑगस्टात ऑफिसमधल्या एकाने त्याच्या नावेवर बोलावलं. आम्ही पाच जण हॅम्बलहून काउजला निघालो. वारा छान होता. जॅकेट सगळ्यांच्या अंगात होतं, माझा खालचा पट्टा लावलेला नव्हता, दोघांचा नव्हता. कॅलशॉटकडून कंटेनरचं जहाज आत येत होतं. मी डोलकाठीच्या दोरांपाशी बसले होते, आणि बाबांची सवय, मी ते जहाज एका दोराशी लावलं. ते दोराला चिकटून राहिलं. मोठं होत गेलं. बाकीचे शाळांच्या प्रवेशांबद्दल बोलत होते. मी पाहिलं, परत पाहिलं. मला शंभर टक्के माहीत होतं.

मी बोलले नाही.

नाव त्याची. तो लहानपणापासून चालवतोय. मी पाहुणी. चुकले तर काय म्हणतील, आणि बरोबर निघाले तर त्याहून काय म्हणतील. वाक्य इंग्रजीत जुळवत होते, ‘मला वाटतं कदाचित आपण...’ असं काहीतरी, आणि तेवढ्यात जहाजाने पाच भोंगे दिले. आखूड आखूड, पाच. तुमचं काय चाललंय ते मला कळत नाही, असा त्याचा अर्थ. गस्तीची लाँच फेस उडवत आली, ध्वनिक्षेपकावरून ओरडली, नाववाल्याने इंजिन लावून नाव वळवली, आणि ते जहाज आमच्या शेजारून गेलं, एक भिंत, तिला खिडक्याही नाहीत. नंतर कुणीतरी चहा केला. “जरा जवळून गेलं, नाही?” एवढंच बोलणं झालं.

मोऱ्याच्या लाँचवर असं जहाज दिसलं असतं, तर सारंगाच्या आधी टोपल्या घेऊन बसलेल्या कोळणी ओरडल्या असत्या. त्यांच्यामागून कॉलेजची पोरं, मग देवळाला निघालेले म्हातारे. बाबा, एरवी ऑफिसात तोंडातून शब्द न काढणारे, उभे राहून ओरडताना मी पाहिलेत. चुकीचं ओरडले असते तर सारंगाने शिव्या घातल्या असत्या, आणि पुढच्या जहाजाला सगळे परत ओरडले असते.

मामेभाऊ ऐकून घेत होता. मागे गेटवेवरचा कालवा ऐकू येत होता.

“ताई, तू बोलली का नाय पण?”

उत्तर नव्हतं. मी विषय बदलला. डिसेंबरात येते, म्हटलं, मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्याला जायचंय, अटल सेतूच्या पुलावरून गाडीने नाही. टायमिंग पाठव. ‘लाँच सुकतीला लागत नाय अजून,’ त्याने नंतर लिहिलं, आणि डिसेंबरचं भरतीचं कोष्टक पाठवलं. त्यात तीन दिवसांना पेनाने गोल केले होते.